धावायचे कशासाठी?

विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासपर लेख स्मरणिकेसाठी द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्ही 'धावणे' हा विषय घेतला. शिक्षण, नोकरी, कर्जयोजना असे विषय समोर असताना एका बँक कर्मचाऱ्याने धावण्यावर लिहावे, याचे काही सभासदांना नवल वाटेल. परंतु पहाटे पाचच्या सुमारास नृसिंहवाडीच्या रस्त्यावर जो कोणी उभा राहील, त्याला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

शिरोळकडून येणारा रस्ता, पंचगंगेवरचा कुरुंदवाडचा पूल, कृष्णेवरचा औरवाडचा पूल, या तिन्ही बाजूंना त्या वेळी अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. दर्शनाला निघालेले भाविक असतात, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली असतात, गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पण नजरेत भरतात ती पळणारी पोरे आणि पोरी. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी, कोणी वनरक्षक होण्यासाठी. आमच्याकडे 'धावणे' हा शब्द पुस्तकातला. बोलण्यात सगळे 'पळणे'च. या मुलांच्या बोलीत तर त्याहून नेमके शब्द आहेत. सोळाशे मीटर धावण्याला 'सोळाशे मारणे', शारीरिक चाचणीला नुसते 'ग्राउंड'. "औंदा ग्राउंड निघालं, लेखीत गेलो" हे वाक्य आपल्या तालुक्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पोलीस शिपाई पदाच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. सोळाशेला पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटांच्या आसपास यावे लागते, म्हणजे एक किलोमीटर तीन मिनिटांपेक्षा थोड्या अधिक वेळात. हा वेग साधा नव्हे. त्यासाठी मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे राबतात. शेतमजुराच्या, यंत्रमाग कामगाराच्या, अल्पभूधारकाच्या घरातील मुलाला मानाने पगार मिळवून देणारा हा एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर पळणाऱ्याला आम्ही कधीही नाउमेद करणार नाही. लेखाच्या आरंभीच हे स्पष्ट केलेले बरे.

प्रश्न त्यापुढचा आहे. भरतीत जागा थोड्या आणि अर्ज कितीतरी अधिक. म्हणजे पळणाऱ्यांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही, हे गणितानेच ठरलेले. पोलीस भरतीला वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गास २८ वर्षे आणि मागास प्रवर्गास ३३ वर्षे. ती ओलांडली की अर्ज बंद. आणि अर्जाबरोबर पळणेही बंद. असाच एक मुलगा पासबुक भरून घ्यायला आमच्या काउंटरवर आला होता. चार वर्षे रोज पहाटे त्याला पुलावर पाहिलेले. आता अंग सुटलेले, डोळ्यांखाली सूज. "हल्ली दिसत नाहीस रे पळताना?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "आता कशाला पळायचं साहेब? वय संपलं की." तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा 'वय संपलं' म्हणतो, आणि आपल्यापैकी कोणालाही त्यात काही चुकीचे वाटत नाही! नोकरी गेली ती गेलीच. पण चार वर्षांत कमावलेला दम, पहाटे उठण्याची सवय, सोबतीचे मित्र, हे सगळेही त्याने त्याच दिवशी टाकून दिले. ती त्याची कमाई होती. निवड यादीत नाव नाही म्हणून ती परत करण्याचे काही कारण नव्हते.

'कशाला पळायचं' या त्याच्या प्रश्नाचा अभ्यास म्हणून हा लेख वाचावा.

बक्षिसासाठी काम करू लागले की त्या कामातली मूळची गोडी कमी होते, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ तपासून पाहिले आहे. यातला एक प्रयोग विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेली मुले त्यांनी निवडली व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी त्याच वर्गात पेने व कागद पुन्हा नुसते ठेवून दिले आणि कोण किती वेळ चित्रे काढतो ते दुरून पाहिले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते, त्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांची हौस मात्र तशीच टिकून होती. म्हणजे दोष बक्षिसात नाही. 'बक्षिसासाठी काढायचे' असे जे मनात ठसले, त्याने हौस मारली.

आपल्या मुलांचे नेमके हेच होते. पाच-सहा वर्षांचे पोर शिवाशिवी खेळताना दिवसभर पळते. त्याला कोणी शाबासकी देत नाही, उलट आई ओरडते. तेच पोर हायस्कुलात गेले की तालुका पातळी, जिल्हा पातळी, क्रीडा गुण. पुढे अकॅडमी, सोळाशे, निवड यादी. प्रत्येक टप्प्यावर पळण्याला एकेक निकाल चिकटत जातो. शेवटी निकाल काढून घेतला की खाली पळणे शिल्लकच राहत नाही.

आता थोडे इतिहासाकडे पाहू, कारण निकालाच्या धावण्याची भारतातील एक महत्त्वाची कथा आपल्या शेजारच्या बेळगावचीच आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत सर दोराबजी टाटा यांनी शेतकरी कुटुंबांतली मुले अनवाणी धावताना पाहिली. ना शास्त्रशुद्ध तालीम, ना बूट, तरी त्यांतल्या काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच पुढच्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय पथक पाठविण्याची खटपट झाली. त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. १९२० च्या ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली व त्यांचा १९ वा क्रमांक आला. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले.

अठरा मिनिटांचे अंतर. निकालाच्या वहीत चौगुले यांची नोंद एवढीच. पदक नसल्यामुळे आपल्या शालेय पुस्तकांनी त्यांना जागाही फारशी दिली नाही. पण आम्हांस या नोंदीत दुसरेच काही दिसते. बेळगावच्या मातीत धावलेला तरुण समुद्र ओलांडून जातो आणि परक्या मुलखात पावणेतीन तासांहून अधिक वेळ धावत राहतो. ते शरीर कोणा निकालाने घडविलेले नव्हते, कारण ऑलिम्पिक नावाची गोष्ट तोवर त्या मुलुखात पोचलीच नव्हती. धावणे आधी होते. निकाल मागाहून आला.

आजच्या काळातील अविनाश साबळे यांचेही तसेच. बीड जिल्ह्यातील मांडवा हे त्यांचे गाव. लहानपणी शाळा लांब, वाहन नाही, म्हणून चालत-धावत जाणे. पुढे ते सैन्यात ५ महार या पलटणीत भरती झाले, सियाचीनच्या बर्फात राहिले आणि स्पर्धेतील धावणे त्यानंतर सुरू झाले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. स्पर्धा वाईट असे म्हणणाऱ्याने आधी ती शर्यत पाहावी. तेव्हा स्पर्धेला आमचा विरोध नाही. स्पर्धेसाठी नसलेले धावणे म्हणजे वाया गेलेले धावणे, या समजुतीला आहे.

ही समजूत जगात सगळीकडेच होती. १९६० च्या आधी प्रौढ माणूस रस्त्यावर विनाकारण धावताना दिसला तर लोक वळून पाहत. ती मोडण्यास न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बऱ्याच अंशी कारणीभूत झाले. ऑलिम्पिक विजेते घडविणाऱ्या या माणसाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, स्थूल, काही तर हृदयविकार होऊन गेलेल्या गृहस्थांना संथ धावायला लावले. शर्यत नाही, घड्याळ नाही; गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तिकडे गेले असता त्या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थापुढे त्यांची चांगलीच दमछाक झाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने 'जॉगिंग' याच नावाचे पुस्तक लिहिले. ते १९६७ मध्ये निघाले आणि हा शब्द जगभर गेला. (बॉवरमन पुढे नायकी या बूट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक म्हणून अधिक ओळखले गेले. घड्याळ नसलेल्या धावण्यातूनही बाजार उभा राहिला तो असा!)

परंतु निकाल नसलेले सामुदायिक धावणे महाराष्ट्राला ऑकलंडहून शिकावे लागले असे मुळीच नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे जाताना वाटेत एक उतार लागतो. तुकारामांना येथून पंढरपूरच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. त्या आठवणीने वारकरी तो उतार धावत उतरतात. त्याला 'धावा' म्हणतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. आम्ही येथे फक्त धावण्याकडे पाहतो आहोत. साठीच्या बाया लुगडे सावरून धावतात, गळ्यात मृदंग असलेला धावतो, पताका घेतलेला धावतो. एवढी माणसे एकाच दिशेने धावतात आणि त्यात पहिला कोणी नसतो, शेवटचाही नसतो. खाली पोचल्यावर पाहावे तर प्रत्येकाचे तोंड हसरे. दोन आठवडे चालून आलेल्या थकल्या पायांना एकाएकी धावावेसे वाटते, यात शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

शहरांत हे भान अलीकडे येऊ लागले आहे. मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी प्रथम भरली. त्या पहिल्या वर्षापासून 'ड्रीम रन' नावाची सुमारे सहा किलोमीटरची धाव तिच्यात आहे. तीत वेळ मोजत नाहीत, क्रमांक देत नाहीत. कोणी सोंग घेऊन येतो, कोणी समाजकार्याचा फलक घेऊन, कोणी आजीचा हात धरून. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी केवळ १३ जणांना घेऊन दर शनिवारी पाच किलोमीटर धावण्याचा मोफत उपक्रम सुरू केला. आज तो 'पार्करन' नावाने अनेक देशांत चालतो. तेथे वेळ नोंदवितात, पण एक युक्ती आम्हांस फार आवडली. सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, त्यामुळे भाग घेणारा कोणीही 'शेवटचा' ठरत नाही. २०२४ साली या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरील वेगाच्या विक्रमांच्या याद्याही काढून टाकल्या. नवख्या माणसाला त्या याद्या पाहून संकोच वाटतो, हे कारण. त्यावर काही धावपटू रागावले. आम्हांस मात्र निर्णय योग्य वाटतो. ज्याला विक्रम हवा त्याला मैदाने पुष्कळ आहेत.

मुलींचा प्रश्न याहून बिकट. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना ८०० मीटर धावू दिले. शर्यतीनंतर काही जणी दमून बसल्या याचा एवढा गवगवा झाला की ती शर्यतच रद्द झाली. ती थेट १९६० मध्ये परत आली. १९६७ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने त्यांना धरून बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. हे परदेशाचे झाले. आपल्या तालुक्यात भरतीमुळे एक चांगली गोष्ट घडली. ट्रॅक पँट घालून मुलगी पहाटे रस्त्यावर धावते, आणि कोणी काही बोलत नाही, कारण 'ती पोलीस होणार आहे'. भरती हा तिचा परवाना आहे. तो संपला किंवा लग्न झाले की तीच मुलगी त्याच रस्त्यावर धावू शकत नाही. सासरच्या गावी तिने पळायला जाते म्हटले तर पहिला प्रश्न येईल, 'कशाला?' आणि 'बरे वाटते म्हणून' हे उत्तर अजून आपल्याकडे चालत नाही. बाईला बरे वाटणे हे कारण आपल्या घरांत केव्हा मान्य होणार, हा प्रश्न सभासद बंधूंनी आपापल्या घरी स्वतःस विचारून पाहावा. आम्हीही आमच्या घरी विचारला आहे. तेव्हापासून सकाळचा चहा आम्ही करतो.

आता शरीराविषयी. जोराने धावताना स्नायूंना लागेल तितका प्राणवायू पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साठते, पाय जड होतात, छाती भरून येते. भरतीची मुले रोजच अशी जीव खाऊन धावतात, तीही बहुधा डांबरावर. म्हणून तर नडग्या दुखण्याची तक्रार घरोघर. संथ धावण्यात प्राणवायूची मागणी आणि पुरवठा जुळतो. त्यासाठी यंत्र नको. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, एवढी कसोटी पुरे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. एकटे असाल तर स्वतःशी पाढे म्हणावेत. सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर आहे. (ज्यांना तो बसल्याजागीही येत नाही त्यांनी बेचाही चालेल.)

अर्धा-पाऊण तास असे धावल्यावर मन हलके होते, ते का, याचेही संशोधन झाले आहे. पूर्वी त्याचे श्रेय एंडॉर्फिन या द्रव्यांना देत. अलीकडच्या अभ्यासांतून एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या, शरीर स्वतःच तयार करीत असलेल्या द्रव्यांकडे बोट दाखविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम करावेत. आठवड्यात चार दिवस पाऊण तास रमतगमत धावले की हा हिशेब पुरा होतो. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. १९७७ साली धावण्यावर अत्यंत खपाचे पुस्तक लिहिणारे अमेरिकन लेखक जिम फिक्स हे १९८४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी धावत असतानाच हृदयविकाराने गेले. त्यांच्या वडिलांनाही ऐन तारुण्यात तोच विकार झाला होता. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः घरात हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्यांनी, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दुखले तर थांबावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांस 'चंक्रमण' हा शब्द परिचित आहे. ठरलेल्या जागेत शांतपणे येरझारा घालणे, पालीत 'चंकम'. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. ते चालण्याविषयी आहे, धावण्याविषयी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी पाहा, पाचांपैकी एकाही लाभाला दुसरा माणूस मागे पडण्याची गरज नाही.

बँकेत आमचे दिवसभराचे काम जुळवण्याचे. संध्याकाळी रोकड जुळल्याखेरीज कोणी घरी जात नाही. रुपया कमी आला तरी शोधावा लागतो आणि जास्त आला तरी शोधावा लागतो. अशा माणसाला, ज्याची कुठे नोंद करायची नाही असा एक तास हवासा वाटतो. म्हणून मोबाइलवर किंवा मनगटावर अंतर मोजणारी जी साधने आली आहेत, ती आम्ही धावताना घरीच ठेवतो. ती वाईट नाहीत. पण कालचे चार किलोमीटर आज साडेचार झाले पाहिजेत, आणि कुरुंदवाडच्या मित्राचे पाच झाले हे रात्री पडद्यावर दिसले की झोप लागत नाही, हे आम्ही भोवती पाहतो. भरती गेली आणि त्या जागी खिशात दुसरा परीक्षक आला, एवढाच फरक.

विद्यार्थ्यांनी भरतीसाठी जरूर पळावे, जोरात पळावे. पण आठवड्यातला एक दिवस असा ठेवावा की त्या दिवशी सोळाशे नाही, राऊंड नाही, शिट्टी नाही. डांबर सोडून उसातल्या पाणंदीने जावे. पायाखाली माती असते, नडग्यांना आराम मिळतो. वाटेत विहीर लागली, ओळखीचे शिवार लागले, तर थांबावे. दम लागला तर चालावे. चालणे म्हणजे हरणे, असे अकॅडमीत शिकवितात. त्या दिवसापुरते ते विसरावे. बूट नवे आणि महाग असलेच पाहिजेत असे नाही. मात्र पाणंदीत काटे-काचा असतात, तेव्हा तळ शाबूत असलेले हवेत. अंधारात रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे पळावे आणि अंगात पांढरा सदरा असावा. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे दिवे असतीलच असे धरून चालू नये.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. आपले गाव दोन नद्यांच्या बेचक्यात. पाणी चढू लागले की औरवाडचा जुना पूल बुडतो, घाट बुडतो, मळीतल्या वाटा दिसेनाशा होतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर धावण्याचा विचार करण्यासारखी स्थितीच नव्हती. लोक घरे सोडून गेले होते. पूर ओसरल्यावरही काळ्या रानातली पाणंद बरेच दिवस बुटाला धरून ठेवते. भरतीच्या मुलांना हा खंड जाचतो, कारण तारीख पुढे येत असते. बाकीच्यांनी त्याची चिंता करू नये. पहिला आठवडा नुसते चालावे, दुसऱ्यात चालता चालता मधूनच दोन-दोन मिनिटे धावावे, आणि बुडालेले दिवस भरून काढण्याच्या नादी लागू नये.

आम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी सहा वाजता शिरोळ रस्त्याला एस.टी. थांब्याजवळ जमतो. दोघे शिक्षक आहेत, एक गवंडीकाम करतो, आणि वर ज्याचा उल्लेख केला तो मुलगाही गेल्या दिवाळीपासून येतो. तो आमच्यापेक्षा बराच पुढे निघून जातो आणि पुढच्या वळणावर बसून वाट पाहतो. सभासदांनी व विद्यार्थ्यांनी यावे. भगिनींनीही यावे, दोघी-तिघी मिळून आल्यास उत्तम. आठ वाजेपर्यंत सर्व जण घरी परतलेले असतात.